जोडाक्षराच्या अलीकडे

नुकते वाचू लागलेल्या मुलासाठी मराठी पुस्तक निवडायचे असले की घरातली मोठी माणसे आणि शाळेतले गुरुजी पहिल्यांदा एकच गोष्ट पाहतात, ती म्हणजे पानावर जोडाक्षरे किती आहेत. पुस्तक विकणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणून छोट्या वाचकांच्या गोष्टींवर 'जोडाक्षरविरहित' असा शब्द छापलेला आढळतो. तो शब्द पुस्तक विकत घेणाऱ्यासाठी असतो. त्यातला 'क्ष' मुलाला अजून वाचता येत नसतो.

ही पाहणी मराठीच्या लिपीतून आली आहे. इंग्रजीत नवशिक्याचे पुस्तक शब्द मोजून लिहिले जाते. 1957 मध्ये अमेरिकेत निघालेल्या डॉ. स्यूस यांच्या 'द कॅट इन द हॅट' या पुस्तकात सारे मिळून 236 वेगवेगळे शब्द आहेत, आणि तेच त्या पुस्तकाचे वैशिष्ट्य मानले गेले. इंग्रजीत लिहिलेले आणि बोललेले यांत अंतर मोठे असते, त्यामुळे प्रत्येक शब्द जणू वेगळा ओळखावा लागतो. मराठीत अक्षर कळले की शब्द बहुतेक वाचता येतो. अडचण अक्षरांच्या संख्येची आहे. 34 व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडीतली 12 रूपे धरली तरी 408 आकार होतात, आणि जोडाक्षरे त्यापुढची. म्हणून मराठीत सोपेपणाची पायरी अक्षरांवर बसवली गेली. आधी कानामात्रा नसलेले शब्द, मग काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार, आणि शेवटी जोडाक्षरे. ही शिडी फार जुनी वाटते, पण ती गेल्या दोनशे वर्षांत हळूहळू बांधली गेली. नागपूरच्या पूर्वेकडील कळमन्यासारख्या वस्तीत आज जे मूल मराठी वाचायला शिकते, त्याला ही शिडी कुठे उपयोगी पडते आणि कुठे अपुरी पडते, हे तिच्या इतिहासावरून कळते.

छापखाना येण्यापूर्वी मुलांसाठी सोपे पुस्तक असे काही नव्हते. पंतोजीच्या शाळेत मूल वाचण्याआधी लिहायला शिकत असे. 'ॐ नमः सिद्धम्' या मंत्रावरून 'ओनामा' हा शब्द आला; धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवायची, मग पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, अडीचकी घोकायची. लिपी दोन होत्या. हिशेब, पत्रे आणि सरकारी कागद मोडीत, तर पोथ्या बाळबोधात, म्हणजे देवनागरीत. नागपूरकर भोसल्यांच्या दफ्तरातही कारकुनी मोडीचीच होती. मोडी लिहिताना हात उचलायचा नाही अशी रीत असल्याने शब्द एकमेकांना जोडून येत, आणि जुन्या बाळबोध पोथ्यांतही दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नसत. असा मजकूर नवशिक्याने वाचायचा कसा? त्याचे उत्तर पाठांतरात होते. स्तोत्रे, श्लोक, आर्या मुलाच्या तोंडी आधीच बसलेल्या असत. पोथी समोर आली तेव्हा त्याला अक्षरांवरून अर्थ शोधायचा नव्हता. कानात असलेल्या ओळी अक्षरांवर बसवायच्या होत्या. त्या शाळेत मारही भरपूर होता आणि ती सर्व जातींच्या मुलांना खुलीही नव्हती, त्यामुळे तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आधी ऐकलेले असते ते वाचायला सोपे जाते, हे तत्त्व त्या शाळेत नकळत पाळले गेले होते. पुढे ते जवळजवळ शंभर वर्षे हरवले.

छापील मराठीतली पहिली सोपी पुस्तके मुलांसाठी नव्हतीच. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवल्या जात, आणि मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरी यांना पाठ्यपुस्तके हवी होती. या कामात त्यांना वैजनाथ पंडितांची मोठी मदत झाली. वैजनाथ पंडित मूळचे नागपूरचे. बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशन छापखान्यातून 1814 पासूनच्या काही वर्षांत 'सिंहासनबत्तिशी', 'हितोपदेश' आणि नागपूरच्या राजघराण्याची माहिती देणारी 'राघोजी भोसल्यांची वंशावळी' ही पुस्तके बाहेर पडली. मोडीचे ठसे पाडून ती छापलेली होती. वाचायला शिकणाऱ्यासाठी मुद्दाम लिहिलेले मराठी गद्य नागपूरच्या माणसाच्या हातून उतरले, आणि ते वाचणारे विद्यार्थी तरुण इंग्रज होते, हा योगायोग मराठी वाचनाच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच सुमारास तंजावरला सरफोजी राजांनी इसापाच्या गोष्टींचे 'बालबोधमुक्तावली' हे मराठी पुस्तक छापवले. दोन्हीकडे मजकूर गोष्टीचा निवडला गेला. गोष्ट पुढे ओढत नेते, म्हणून नवशिक्या अडखळला तरी थांबत नाही, हे त्या संपादकांनी ओळखले असावे.

मुलांच्या पुस्तकांचे काम मुंबईत सुरू झाले. 1822 मध्ये स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने, म्हणजे पुढच्या बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने, मराठी पुस्तके तयार करून घ्यायला प्रारंभ केला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' आणि 'बाळमित्र' ही पुस्तके 1828 च्या सुमारास आली. 'बाळमित्र' हे बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादावरून केलेले होते. छत्र्यांचे गद्य सरळ आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते वाचले. पण त्यातली घरे, बागा आणि आईबापांशी बोलण्याच्या रीती परक्या होत्या. सोपे पुस्तक म्हणजे लहान वाक्ये आणि शेवटी बोध, अशी समजूत या काळात पक्की झाली. ती अजूनही पुरती गेलेली नाही.

याच काळात आणखी एक बदल झाला, आणि नवशिक्या वाचकाला त्याचा उपयोग कोणत्याही बोधकथेपेक्षा अधिक झाला. छापील पानावर शब्द सुटे झाले. मेजर टॉमस कॅंडी यांनी विरामचिन्हांची पद्धत मराठीत रुळवली. 1850 मध्ये त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक निघाले. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह यांमुळे श्वास कुठे घ्यायचा आणि आवाज कुठे चढवायचा हे मुलाला पानावरूनच कळू लागले. टाईपही सुधारत गेले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातले खिळे, गणपत कृष्णाजींचे शिळाछाप आणि नंतरचे टाईप, आणि 1869 मध्ये जावजी दादाजींनी सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची वळणदार अक्षरे, या साऱ्यांनी बाळबोध डोळ्याला स्वच्छ केली. मोडी मात्र छपाईत मागे पडत गेली. एका लिपीत वाचायला आणि दुसरीत लिहायला शिकण्याचे ओझे मुलांवर तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राहिले.

1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले आणि कॅंडी यांच्या देखरेखीखाली इयत्तावार मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली. पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक असा क्रम मराठी घरांत रूढ झाला. 'तो दुसऱ्या पुस्तकात आहे' असे म्हटले की मुलाची इयत्ता समजे. ही पुस्तके निवडायची जबाबदारी आता पंतोजीची किंवा बापाची राहिली नाही. खाते ठरवी आणि डेप्युटी, म्हणजे खात्याचा शाळातपासनीस, येऊन परीक्षा घेई. परीक्षेत पुस्तकातला उतारा घडाघडा वाचायचा असे. नेमका तोच उतारा वर्षभर घोटलेला असल्यामुळे किती मुले खरोखर वाचत आणि किती म्हणून दाखवत, हे कळायला मार्ग नव्हता. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी आणि बाळबोध वाचनलेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे ज्ञान आणि आरोग्याचे नियम मागितले. शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या जगण्यातले काही वाचायला मिळावे, ही ती मागणी होती.

नागपूर या घडामोडींपासून थोडे बाजूला होते. 1854 मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला. नागपूर त्याची राजधानी. मुंबई इलाख्याचे शिक्षणखाते पुण्यामुंबईच्या मुलांकडे पाही. नागपूरच्या खात्यासमोर मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांची मुले होती. 1840 च्या दशकात आलेल्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागपूर व कामठी भागात शाळा काढल्या होत्या. 1903 पासून वऱ्हाडचा कारभारही याच प्रांताशी जोडला गेला. अशा प्रांतात एकाच वर्गात एक मूल घरी मराठी आणि शेजारचे हिंदी बोलते, ही स्थिती अपवाद म्हणून नव्हे तर रोजची म्हणून होती. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे आगगाडी धावू लागली. त्या वाटेने कामासाठी येणाऱ्या माणसांबरोबर आणखी एक बोली शहराच्या पूर्व भागात वस्तीला आली. कळमना त्याच लोहमार्गावर आहे.

शाळेच्या पुस्तकाबाहेर मुलाने वाचावे असे काही मिळू लागले ते मासिकांतून. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 मध्ये 'बालबोध' काढले आणि 1914 मध्ये निधन होईपर्यंत एकट्याच्या बळावर चालवले. चरित्र, कविता, शास्त्रीय माहिती असा ठरीव साचा त्यात असे, पण भाषा नितळ होती. वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' 1906 मध्ये निघाले आणि बोधापेक्षा करमणुकीला प्रथमच मान मिळाला. नागपुरात 1920 च्या दशकात 'मुलांचे मासिक' सुरू झाले, आणि विदर्भातल्या मुलांना आपल्या गावातून निघालेले वाचन हाती आले. ही मासिके मात्र वाचता येऊ लागलेल्या मुलांची होती. अक्षरे अजून एकेक करून जोडणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नव्हता.

त्याच्या हातात होती अंकलिपी. मराठी घरात सर्वाधिक शिरलेले छापील पुस्तक कोणते असे विचारले तर अंकलिपीचे नाव घ्यावे लागेल. पातळ, स्वस्त, चित्रांची, पाटीबरोबर विकत घेतली जाणारी आणि आठवडी बाजारातही मिळणारी. तिच्यात अक्षर, त्याचे चित्र, बाराखडी, पाढे, वार, महिने असे सारे असते. तिचा दोष निवडीत आहे. ई शिकवायला ईडलिंबू, औ शिकवायला औत, ठ शिकवायला ठसा. ईडलिंबू अनेकांनी आयुष्यात फक्त अंकलिपीतच पाहिले. ण आणि ळ यांनी मराठीत शब्दच सुरू होत नाही, म्हणून बाण आणि बाळ आणावे लागतात, आणि मूल 'ण'ऐवजी 'बा' ओळखायला शिकते. तरी अंकलिपीचे ऋण मोठे आहे. शाळेत न गेलेल्या आईने मुलाजवळ बसून चित्रांवर बोट ठेवावे, इतकी ती ओळखीची होती. कळमन्यातल्या मुलाच्या बाबतीत तर 'अ'चा अननस तिथल्या फळबाजारात समोरच दिसतो. त्याच्यासाठी पहिले पान तरी खरे आहे.

सोपे कशाला म्हणायचे, हा प्रश्न 1920 आणि 1930 च्या दशकांत नव्याने विचारला गेला. लंडनहून अध्यापनाची पदविका घेऊन आलेले प्रल्हाद केशव अत्रे यांनी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. मुलांची भांडणे, हट्ट, खेळ, घरातले प्रसंग हे विषय क्रमिक पुस्तकात आले. 'दिनूचे बिल' ही त्यांची गोष्ट वाचलेल्या मुलांनी ती म्हातारपणापर्यंत सांगितली. मूल स्वतःला पानावर पाहते तेव्हा अवघड शब्दही ओलांडते, हे अत्र्यांनी दाखवले. दुसरीकडे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघातून बालशिक्षणाची चळवळ महाराष्ट्रात आणली. 1945 मध्ये त्या बोर्डीला आणि 1957 मध्ये कोसबाडला गेल्या. तिथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी वारली मुलांत काम केले. छापील मराठी त्या मुलांच्या घरची भाषा नव्हती. मुलाला काय वाचायला द्यायचे यापेक्षा मुलाकडे आधीच कोणते शब्द आहेत, हा प्रश्न तिथे आधी आला.

नागपूरपासून पंचाहत्तर किलोमीटरवरच्या वर्ध्यात 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि हातकामातून शिकवण्याची नई तालीमची योजना पुढे आली. महात्मा गांधींचे अक्षरांविषयीचे मत रूढ पद्धतीच्या उलट होते. मुलाने आधी चित्रे काढावीत, अक्षरे चित्रासारखी ओळखावीत आणि लिहिणे पुढे शिकावे, हातकामातून आलेल्या शब्दांना अक्षरे मागाहून मिळावीत, असे ते म्हणत. पंतोजीच्या शाळेत लेखन आधी होते. इथे वाचन आधी आले. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचा हा प्रयोग सरकारी शाळांत फार खोल रुजला नाही, पण शब्द आधी हातात आणि तोंडात, मग पानावर, ही दिशा विदर्भाच्या भूमीवरून स्पष्टपणे मांडली गेली.

1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. 27 जानेवारी 1967 रोजी पाठ्यपुस्तक निर्मितीचे राज्य मंडळ पुण्यात स्थापन झाले. लोक त्याला 'बालभारती' म्हणतात. आता नागपूर, कोल्हापूर आणि नांदेडच्या मुलांचे पहिले पुस्तक एकच झाले. खासगी प्रकाशकांच्या वाचनमाला पहिल्या इयत्तांतून हळूहळू गेल्या. किंमत कमी झाली, छपाई बरी झाली, आणि खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलाचेच पुस्तक मिळाले. हा लाभ थोडा नाही.

पहिल्या अक्षरांचा क्रम या काळात वर्णमालेपासून सुटला. क, ख, ग, घ याऐवजी ग, म, भ, न असा वळणाच्या सारखेपणाचा क्रम इतका रुळला की 'गमभन' म्हणजेच शिक्षणाची सुरुवात असे लोक म्हणू लागले. र लिहिता आला की त्याला उभी रेघ जोडून स, व जोडून ख. व वरून ब आणि क. हाताला हे सोपे जाते. डोळ्याला मात्र सारखी दिसणारी अक्षरे एकदम शिकल्याने गोंधळही होतो: भ आणि म, घ आणि ध, ब आणि व यांची अदलाबदल पहिलीच्या वर्गात नेहमीची. कळमन्याच्या वर्गात त्यात व आणि ब यांच्या उच्चाराची भर पडते, कारण छत्तीसगडी तोंडात मूळचा व अनेक शब्दांत ब होतो.

कानामात्रा नसलेल्या शब्दांतून वाक्य रचायला गेले की मराठी व्याकरण आडवे येते, आणि याचा विचार फारसा झालेला नाही. काना, मात्रा, वेलांटी काहीच नसेल तर क्रियापदाचे एकच रूप हाती उरते: बघ, धर, कर, चढ, बस. म्हणजे आज्ञा. त्या पायरीवर 'मी' नाही, 'तू' नाही, 'तो' नाही, 'आहे' नाही. सोप्यातल्या सोप्या पानावर म्हणूनच कुणीतरी मुलाला सतत हुकूम सोडत असते. पुढच्या पायरीवर काना आला की भूतकाळ मिळतो, पण फक्त पुल्लिंगी: आला, बसला, पळाला. मुलगी यायची तर वेलांटी हवी, आणि पिल्लू यायचे तर मात्रा. एका लेखननियमाने कितीतरी पिढ्यांच्या पहिल्या गोष्टींत राजा, मामा, काका आणि ससा यांनाच नायक केले. गोष्ट लिहिणाऱ्याचा हेतू तसा नव्हता. शिडीच तशी होती. जोडाक्षरविरहित पुस्तके या अडचणीतून सुटतात, कारण त्यांत सर्व स्वरचिन्हे वापरलेली असतात. म्हणून बाजारात मिळणाऱ्या सोप्या पुस्तकांत तीच सर्वांत वाचनीय ठरली. तरी त्यांनाही किंमत मोजावी लागते. 'म्हणाला' हा शब्द त्यांत येऊ शकत नाही, आणि गोष्टीत कुणी काही म्हणू शकत नसेल तर लेखकाला 'बोलला' आणि 'ओरडला' यांवरच भागवावे लागते. 'त्याला', 'तिच्या', 'माझ्या' हे रोजचे शब्दही वर्ज्य.

कळमन्यात या प्रश्नाचे स्वरूप वेगळेच होते. नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार इथे आहे. धान्य, मिरची, भाजी आणि फळे, त्यांत हंगामात आंबिया आणि मृग बहराची संत्री. हर्रास, अडत, हमाली, मापारी हे शब्द इथल्या मुलाच्या कानावर जन्मापासून पडतात. आसपासच्या वस्त्यांत मराठी, हिंदी आणि छत्तीसगडी बोलणारी कुटुंबे शेजारी राहतात. नागपूर महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा माध्यमांत आहेत. गावाच्या नावातच फरक दिसतो: मराठी माणूस कळमना म्हणतो, हिंदी बोलणारा कलमना. लिपीच्या शिडीवर हे नाव फार सोपे आहे, चारांपैकी तीन अक्षरे मोकळी आणि शेवटी एक काना. पण ज्याच्या घरच्या बोलीत ळ नाही त्याला दुसरेच अक्षर परके आहे.

देवनागरी दोन्ही भाषांची एकच असल्याने काम सोपे होईल असे वाटते. अर्ध्या अंतरापर्यंत ते खरेही आहे. त्यापुढे सारखे दिसणारे शब्द फसवतात. 'नाव' वाचून हिंदी घरातले मूल होडी डोळ्यांसमोर आणते. 'आई' त्याला कुणीतरी आली असे सांगते. 'केला' हे त्याच्यासाठी फळ आहे, आणि ते फळ तर त्याने बाजारात रोज पाहिलेले. ही मुले अक्षरे अचूक वाचतात, म्हणून शिक्षकाला चूक ऐकू येत नाही. अर्थ मात्र निसटलेला असतो. च आणि ज यांचे दोन उच्चार हाही अडथळा आहे. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च कागदावर एकच, तोंडात वेगळे. मराठी मूल ते न शिकता बरोबर म्हणते, कारण शब्द कानात असतो. हिंदी मुलाला ते कुणीतरी वाचून दाखवावे लागते. पंतोजीच्या शाळेतले जुने तत्त्व इथे पुन्हा उभे राहते.

मराठी घरातले मूलही प्रमाण पुस्तकापासून थोडे दूरच असते. नागपूरकडे तो 'जेवून राहिला' असतो, पुस्तकात तो 'जेवत आहे'. इथे 'काहून' विचारतात, पुस्तकात 'का'. भाजीबाजारातला सांबार पुस्तकात कोथिंबीर होतो, आलू बटाटा होतो. उलट, शिडीने शेवटी ठेवलेले शब्द या मुलांच्या सर्वांत जवळचे आहेत. 'संत्रा'त अनुस्वार आणि त्र, 'ट्रक'मध्ये ट्र, 'क्रेट'मध्ये क्र. जोडाक्षराच्या कसोटीवर हे शब्द शेवटच्या पायरीवरचे. पण ट्रकच्या मागे, दुकानाच्या पाटीवर, पेटीच्या कडेला ते मूल रोज पाहते आणि कित्येकदा अक्षरे न फोडता ओळखते. कळमन्यासाठी पुस्तक निवडणाऱ्याने लिपीची शिडी हाती ठेवावी, पण ओळखीच्या दोनचार जोडाक्षरांना अडवू नये, असा निष्कर्ष या उदाहरणांतून निघतो. मुलाला आवडणाऱ्या गोष्टीत एक 'ट्रक' आला म्हणून ती अवघड होत नाही.

हा विचार गेल्या पाच दशकांत महाराष्ट्रात वेगवेगळ्या ठिकाणी पक्का होत गेला. फलटणमध्ये भाषावैज्ञानिक मॅक्सीन बर्नसन यांनी वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवताना मोजकी अक्षरे घेऊन लगेच अर्थपूर्ण शब्द आणि वाक्ये देण्याची रीत विकसित केली. 1984 मध्ये तिथे प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. काही मोजकी अक्षरे आणि काही स्वरचिन्हे एकत्र शिकवली तर आज्ञार्थाच्या पिंजऱ्यातून पहिल्या महिन्यातच बाहेर पडता येते. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या ज्योत्स्ना प्रकाशनाच्या चित्रपुस्तकांनी दुसरी भिंत ओलांडली. शीर्षकातला 'चं' बोलीतला आहे. शाळेच्या पुस्तकात तो 'चे' झाला असता. मुलाने जे ऐकले तेच पानावर दिसते. चित्र अर्थ सांभाळते, आणि शब्द थोडे असल्यामुळे पुस्तक पुन्हापुन्हा वाचले जाते. पहिल्या खेपेला मोठ्याने वाचून दाखवायचे, दुसऱ्या खेपेला मुलाने बोट फिरवायचे, पाचव्या खेपेला ते स्वतः वाचते.

पातळ्यांची कल्पना व्यापक झाली ती 'प्रथम' या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेच्या कामातून. 2005 पासून 'असर' या पाहणीत ग्रामीण भागातल्या मुलांची अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट अशा क्रमाने वाचनाची पाहणी होऊ लागली. वयावरून किंवा इयत्तेवरून पुस्तक न देता मूल आज कुठे अडखळते ते पाहून द्यावे, ही रीत त्यातून शाळांत आली. 2004 मध्ये निघालेल्या प्रथम बुक्सने गोष्टींची पुस्तके चार पातळ्यांत छापली आणि 2015 पासून स्टोरीवीव्हरवर ती मोफत वाचायला दिली. तीच चित्रे आणि तीच गोष्ट मराठीत आणि हिंदीत, दोन्हीकडे मिळते. कळमन्यासारख्या ठिकाणी याचा उपयोग विशेष आहे. हिंदी घरातल्या मुलाला गोष्ट आधी हिंदीत ऐकवली की मराठी पुस्तक उघडताना अर्थ त्याच्याजवळ असतो. 'नाव' म्हणजे इथे होडी नव्हे, हे मग चित्र सांगते.

शासनाच्या निर्णयांनीही पहिल्या पुस्तकावर परिणाम केला. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने वर्णमाला आणि अक्षरांची वळणे निश्चित करण्यात आली आणि ॲ, ऑ हे स्वर वर्णमालेत आले, त्यामुळे बाराखडीची चौदाखडी झाली. बॅट, बॉल, क्रॉसिंग हे मुलांचे शब्द नियमात बसले. 2020 च्या अधिनियमाने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. हिंदी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठीही सोपी मराठी पुस्तके लागणार हे त्यामुळे ठरून गेले, आणि अशा मुलांसाठी जोडाक्षरांइतकाच ओळखीच्या शब्दांचा विचार करावा लागतो. 2021 च्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे असे उद्दिष्ट 2026-27 साठी ठेवले.

पुस्तक मुलाला पेलते की नाही, हे पाहण्याची शिक्षकांची आजची रीत साधी आहे. मूल एक पान मोठ्याने वाचते. पानात चारपाच शब्दांवर ते अडले तर पुस्तक काही आठवडे बाजूला राहते किंवा मोठ्या माणसाने वाचून दाखवायचे पुस्तक होते. वाचून झाल्यावर काय घडले ते मुलाला त्याच्या बोलीत सांगायला लावतात. 'जेवून राहिला' असे उत्तर आले तरी ते बरोबर धरतात, कारण अर्थ पोचलेला असतो. चित्र झाकून विचारल्यावर गोष्ट सांगता आली तर पुढची पातळी. हिंदी घरातल्या मुलाच्या बाबतीत ळ, ण, आणि च-ज यांचे उच्चार वाचनाच्या मध्ये न सुधारता नंतर ऐकवले जातात, म्हणजे गोष्ट तुटत नाही.

जोडाक्षरे आली की हा टप्पा संपतो. बहुतेक मुले दुसरीच्या मध्यावर तिथे पोचतात, आणि तेव्हा 'म्हणाला', 'त्याने', 'माझ्या' हे शब्द मिळाल्याने गोष्टींतली माणसे बोलू लागतात. त्यापुढचे वाचन म्हणजे मासिके, गोष्टींचे संग्रह, आणि नोव्हेंबर 1971 पासून बालभारती काढत असलेले 'किशोर'. त्यातल्या लेखांत कुणी जोडाक्षरे मोजत नाही.